अतिघटीकरणाचा खुलासा

प्रिय शालकमहाराज,

अनेक आशीर्वाद. (बायकोच्या भावाला संस्कृतात इतका भारदस्त शब्द असताना तुला नुसते ‘मेहुणा’ म्हणणे जिवावर येते.) इकडे तुझी ताई खुशाल, मी खुशाल, आणि तू बसवून दिलेले ग्राफिक्स कार्ड आम्हां दोघांहून खुशाल, त्याला स्वतःचे तीन पंखे आहेत, आम्हां दोघांत मिळून एक. टेबलाखालून उठताना तुझ्या डोक्याला आलेले टेंगूळ बसले असावे. ताई रोज विचारते, आणि अशा सुरात की जणू टेबल मीच खाली दाबले होते.

आभार खरे तर समोरच मानायचे होते. पण तू हात धुऊन, चहा घेऊन निघालासही, आणि मला तोंडी आभार जमत नाहीत. शिवाय फोनवर मी तुला अर्धीच हकीकत सांगितली होती. उरलेली आता वाच. हसायचे ते तिकडेच हसून घे.

लेक नोकरीसाठी दूर गेल्यापासून तिचे फोन म्हणजे नुसती अव्यये: हो, नाही, बरं; आणि क्रियापद एकच, ठेवू? पण रविवारी कानाला हेडफोन लावून गेममध्ये तांड्याचे रक्षण करताना ती माणसासारखी बोलते. तिच्या टोळीत मी म्हातारा धनुर्धर. अडचण एवढीच, की आमचे यंत्र चित्रे काढताना दमायचे. सगळे किल्ल्यात शिरले तरी मी वेशीबाहेर. तिथेही आधी माझ्या मिशा प्रकट व्हायच्या, मग यथावकाश मी. टोळीतली बाकीची मंडळी कुरकुरू लागली. आता आपल्याला वगळतात, या धास्तीने मी तुला फोन केला. “दाजी, एक तर कार्ड बदला, नाहीतर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करा,” म्हणालास आणि मीटिंगला पळालास.

आता शब्दाची फोड करणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. ‘ओव्हर’ म्हणजे अति, ‘क्लॉक’ म्हणजे घटी, म्हणून अतिघटीकरण. विग्रह निर्दोष, अर्थ उघड: घड्याळ पुढे करणे. मी पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पुढे केले. आधी बेताने, फरक पडेना तेव्हा (भित्र्यांच्या हातून शास्त्र पुढे जात नाही) थेट पुढच्या वर्षात नेऊन ठेवले. परिणाम दांडगा झाला. गेमने ओळखच दाखवली नाही. ईमेल म्हणाले, प्रमाणपत्राची मुदत संपली. आणि ताईने त्याच यंत्रावर कॅलेंडर उघडले, तो तिचा वाढदिवस होऊन गेलेला. “याही वेळी विसरलात,” एवढेच म्हणून ती आत गेली. न आलेला वाढदिवस विसरणारा नवरा अखिल वाङ्मयात दुसरा नसावा.

त्यावर तू फोनवर ओरडलास, “घड्याळ नव्हे हो दाजी! ठोके! प्रोसेसरचे ठोके वाढवायचे!” मग ठोके म्हणायचे होतेस. मी ठोक्यांनाही तयार होतो, पण तुझ्या ताईने तो बेत हाणून पाडला. “डॉक्टर तुमचे ठोके कमी करायला गोळ्या देतोय, आणि तुम्ही त्या गरिबाचे वाढवा!” अखेर तू स्वतः आलास, यंत्राच्या पोटात डोके घातलेस आणि निकाल दिलास: प्रोसेसर ठणठणीत आहे, बिचारा कार्डाची वाट पाहत रिकामा बसतो. नवे कार्ड डब्यात मावेना, तर जुन्या डिस्कचा पिंजरा उचकटून त्याला जागा केलीस. (उरलेले चार स्क्रू मी वाटीत ठेवले आहेत. ते उरायचेच होते ना?)

आता मी सर्वांच्या आधी किल्ल्यात असतो, मिशांसकट. एवढा वेळ आमच्यासाठी कोण काढतो रे? हे उपकार मी विसरणार नाही. वाढदिवसांची गोष्ट वेगळी.

तुझा,
दाजी

ता. क. एक विनंती. लेकीने विचारलेच, तर मामा या नात्याने सांगावेस की कार्ड अजून रुळलेले नाही. काय झाले, की पूर्वी मी उमटेपर्यंत ती बाकीच्यांना पुढे धाडून माझ्यासोबत वेशीवर थांबायची. खोलीची खिडकी लागत नाही, खोकला जात नाही, मंगळवारी ऑफिसात रडू आले, हे सारे मला त्या वेशीवर कळले. नवे कार्ड आल्यापासून संभाषण म्हणजे “बाबा, डावीकडे!” म्हणून परवा मी मुद्दामच बाहेर उभा राहिलो आणि म्हटले, “अडकलो गं.” ती किल्ल्यातून माघारी आली.

ता. क. (ताईच्या हातचा) पाकीट चिकटवायचं काम माझं, म्हणून वाचलं. तू काही खोटंबिटं बोलू नकोस. तिने मला परवाच विचारलं, “आई, मामाने कार्ड बसवलं ना? मग बाबा मुद्दाम अडकले.” मी हो म्हटलं. म्हणाली, “अडकू दे. मलाही बरं वाटतं. त्यांना सांगू नकोस.” तूही सांगू नकोस.