हिरवा दिवा चालू होता

विठ्ठलवाडी
रविवार, दि. ८ ऑक्टोबर २००६

प्रिय बकुळावहिनीस,
सप्रेम जयभीम.

मैत्रेयीचा ताप उतरला, परवा घरी सोडणार, हे काल फोनवर ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. आमच्याकडे सगळं ठीक. सम्यकची सहामाही चालू आहे, गणिताच्या नावाने बोंब. नळाला पाणी परत पहाटेचं यायला लागलंय. शेजारच्या रखमाबाईंच्या सुनेला मुलगी झाली, काल त्यांनी अख्ख्या चाळीला बर्फी वाटली.

बघ, काय लिहीत बसलेय मी. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी रडले असते, तू "जाऊ दे गं" म्हणाली असतीस आणि विषय तिथेच मिटला असता. तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून लिहिते. आधी तू वाच, मग दादाला दे.

काल तू म्हणालीस, येताना अजून एक मशीन आण, पोरीच्या उशाशीच लावते. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. वहिनी, मी मशीन आणणार नाही. हॉलमधलं आहे ते पण काढून टाक. त्याने मच्छर पळत नाहीत. एकसुद्धा नाही.

खोक्यावर लिहिलेलं असतं, माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो आणि मच्छर घर सोडून जातात. आत काय असतं ते मी रोज बघते. एक बोटभर पट्टी, एक चकती आणि हिरवा दिवा. दिव्याच्या तारांना कथिलाचा डाक लावायचा, मशीन सॉकेटमध्ये घालायचं, दिवा लागला की डब्यात टाकायचं, एवढंच माझं काम. उल्हासनगरच्या आमच्या गाळ्यात टेबलभर मशीनं चालू असतात आणि त्याच टेबलाखाली आम्ही बायका कॉइल लावून बसतो, नाहीतर पायाची चाळण होते. पहिल्याच आठवड्यात मी शेठला विचारलं होतं, की शेठ, यातून खरंच आवाज येतो का? ते चहा पीत होते. म्हणाले, "बत्ती जली ना? माल पास है." त्यानंतर मी कधी विचारलं नाही. पगार वेळेवर होत होता.

म्हणजे तुला मशीन दिलं तेव्हा मला ठाऊक होतं. खरं तेच आहे.

मग दिलं कशाला? तुमच्या बदलापूरच्या फ्लॅटच्या गृहप्रवेशाला सगळे जमले होते, आठवतं? बुद्धवंदना झाली, खीर झाली, आणि तुझ्या मावशीने मला विचारलं, तू काय करतेस गं? दादा बँकेत, तू शाळेत, आणि मी काय सांगू, गाळ्यात डाक लावते? मी म्हटलं, आम्ही इलेक्ट्रॉनिक मशीन बनवतो, मच्छर पळवायचं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढच्याच रविवारी मी एक घेऊन आले. दादाने स्वतः भिंतीला लावलं आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटला, माझ्या बहिणीच्या कंपनीचं आहे. लहानपणापासून दादाने माझं नाव असं कधी घेतलं नव्हतं.

आणि तेवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. तुझ्या माहेरची मच्छरदाणी पलंगाला बांधलेली होती. मी हसले. म्हटलं, काय वहिनी, फ्लॅटमध्ये आलीस तरी काठ्या अन् दोऱ्या सुटल्या नाहीत? तू ओशाळलीस. भांड्यांना येतात त्या द्रौपदीबाईंना तू ती देऊन टाकलीस. त्यांची पोरं ठणठणीत आहेत, तूच सांगितलंस.

आता दवाखान्यातलं. मैत्रेयीला हुडहुडी भरली होती, दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. डॉक्टर मलेरिया म्हणाले. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, मशीन तर रोज चालू असायचं, मग कसं झालं गं? तेव्हा बोलायचं होतं मी. माझ्या तोंडून काय निघालं? कोणीतरी बटण बंद केलं असेल.

तू लगेच पोरीकडे वळलीस. कार्टून बघायला प्लग काढलास ना, किती वेळा सांगितलं होतं. हाताला सलाईन लावलेलं ते आठ वर्षांचं लेकरू माझ्याकडे बघून म्हणालं, "आत्या, मी नाही बंद केलं. हिरवा दिवा चालू होता."

खरं बोलणारी त्या खोलीत ती एकटीच होती. आणि मी काय केलं? तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "असू दे बाळा, होतं चुकून." वहिनी, मी तिला माफ केलं. तिने न केलेल्या गोष्टीसाठी, मी, तिला. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. परत माझ्याशी बोलली नाही. तुला वाटलं, अशक्तपणा आहे.

अजून एक राहिलंय. ते न लिहिताच पाकीट बंद करणार होते, पण मग हे सगळं लिहून उपयोग काय?

मे महिन्यात तुम्ही आमच्याकडे राहायला आलात. रात्रभर मच्छरांनी फोडून काढलं तुम्हाला. सकाळी तूच मला सावरून घेतलंस, म्हणालीस, वालधुनी नदी एवढी जवळ, मशीन तरी काय करणार बिचारं. तुम्ही यायच्या आधी मी आमची मच्छरदाणी काढून ट्रंकेत घातली होती. सम्यक बोलून टाकेल म्हणून त्याला दम दिला होता. आमच्या घरी मशीन कधी लावलंच नव्हतं, त्या दिवसापुरतं लावलं. माझं पोर रोज मच्छरदाणीत झोपतं, आणि तुझी पोर मी त्या दिव्याच्या भरवशावर ठेवली.

नोकरी अजून सोडलेली नाही, हेही लपवत नाही. उद्या कामावर जाईन तेव्हा दिव्यांकडे कसं बघू, कळत नाही. दुसरीकडे विचारून ठेवलंय.

पत्राबरोबर पिशवीत आमची मच्छरदाणी आजच हातोहात पाठवते आहे. नवीन आणता आली असती, पण ही आमचीच तुझ्याकडे जावी असं वाटलं. धुतली आहे. एका कोपऱ्यात निळं ठिगळ आहे, सम्यकच्या शर्टाचं. मैत्रेयी घरी यायच्या आधी बांध, आणि कडा गादीखाली नीट खोच. आमच्यासाठी मी दुसरी आणेन.

मी माफी मागत नाही. ते काम दवाखान्यात उलटं करून बसलेय मी. तू माझ्याशी बोलू नकोस, दादाने दार लावलं तरी मी समजेन. फक्त हे वाचून झालं की तिच्याजवळ बस आणि तिला एवढं सांग, की आत्याने लिहून दिलंय, दिवा चालू होता. तू बंद केला नव्हतास, बाळा.

जिच्या तोंडून हे त्या दिवशी निघालं नाही ती,
शीला