पत्रपेटी उतरवू नये

मी, कपडे दुरुस्त करून पोट भरणारी, वय सदुसष्ट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गुडघ्यांबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही.

१. तिसऱ्या मजल्यावरची माझी खोली मुलीला मिळावी. खोली सरकारी यादीतून मिळाली, कोणाच्या उपकाराने नाही. मुलगी चार महिन्यांची असताना अर्ज केला, किल्ली मिळाली तेव्हा ती आठ वर्षांची होती. मधली वर्षं निवारागृहात गेली. तिथून सकाळी सातला बाहेर काढत, संध्याकाळी सहाला आत घेत. मुलीने पाढे बसस्थानकाच्या बाकावर पाठ केले.

२. खरं तर खोली चौथ्याच वर्षी मंजूर झाली होती. अर्जावर निवारागृहाचा पत्ता चालत नव्हता, म्हणून मी दादाचा लिहिला. मंजुरीचं पत्र त्याच्याकडे आलं. त्याने पाकिटावर ‘येथे राहत नाही’ असं लिहून ते परत धाडलं. जाब विचारला तेव्हा म्हणाला, “राहत नव्हतीसच तू. खोटं कसं लिहू?” ते पाकीट मला खोल्या वाटणाऱ्या कार्यालयाच्या फायलीत सापडलं होतं. ते दादाला द्यावं. दुसरं काहीही देऊ नये.

३. शिलाई मशीन मुलीला नको. तिला बटण लावता येत नाही आणि त्याचा तिला अभिमान आहे. मशीन निवारागृहाला द्यावी, पण ती दिवसा आत चालणार असेल तरच. अर्थात चालवणारी बाईही दिवसा आतच राहील.

४. दाराबाहेरची पत्रपेटी. तिच्यावर माझ्या नावाखाली एकोणीस नावं रंगवलेली आहेत. सगळ्या बिनघराच्या, बहुतेक लेकुरवाळ्या. त्यांची सरकारी पत्रं इथे येतात. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “मावशी, या एका खोलीत एकोणीस जणी राहतात?”

“राहत नाहीत. त्यांची पत्रं राहतात.”

“हे नियमात बसत नाही.”

“आम्हीही बसत नव्हतो, साहेब. म्हणून तर पेटी लावली.”

त्यांनी माझा म्हातारपणाचा सरकारी भत्ता थांबवण्याची नोटीस काढली. ती याच पेटीत पोचली. मी लेखी उत्तर दिलं, पेटी काढली नाही.

मुलीने खोलीत राहावं, भाड्याने द्यावी, विकावी. पेटी मात्र जागची हलू नये आणि तशी अट खरेदीखतात घालावी. अट मोडली तर खोली निवारागृहाच्या नावे व्हावी. मुलगी म्हणाली, “आई, गिऱ्हाईक पेटी बघूनच जिना उतरेल.” मी म्हटलं, उतरू दे. मग तिने विचारलं, “पेटीची किल्ली कुठे असते?” साखरेच्या डब्यामागे.

५. माझ्यामागे कोणी मला ‘बिचारी’ म्हणू नये.

साक्षीदार दोन. पहिला तळमजल्यावरचा चांभार. दुसरी पेटीवरची अकरावी, इस्त्रीवाली. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, म्हणून तिला काही ठेवलेलं नाही. वकील म्हणाले, “हिला तर घरच नाही. पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं?” तिने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं.

ठिकाण: माझी खोली. महिन्याचा दुसरा मंगळवार, दुपारी.

करून देणारीची सही

साक्षीदार १: चांभार. सही. पत्ता: तळमजला, हीच इमारत.

साक्षीदार २: इस्त्रीवाली. सही. पत्ता: तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार, पेटीवर नाव आहे.