कोऱ्या तळाचे बूट

आई, काल वह्या तपासताना एका मुलीची वही हातात आली आणि तुझी इतकी आठवण झाली की पुढच्या तीन वह्यांवर न वाचताच सही ठोकली. हो, तुझी लेक आता कॉलेजात आरोग्यशिक्षण आणि तंदुरुस्तीचा पेपर शिकवते. निशातगंजच्या त्याच घरातून स्कूटीवर निघते आणि अजूनही डबा ओट्यावरच विसरते. पेपर आता सगळ्यांना सक्तीचा झालाय, म्हणून सगळ्यांचा नावडता. प्रात्यक्षिक मात्र माझ्या वेळचंच आहे: घरातलं एक माणूस निवडायचं, त्याला आठ आठवडे रोज चालायला लावायचं आणि त्याची पावलं वहीत लिहायची.

माझ्या वेळी मी तुला निवडलं होतं. तू पोळ्या लाटत होतीस, लाटणं न थांबवता म्हणालीस, "एवढी घोडी झालीस आणि कॉलेजात चालायला शिकवतात होय? आणि मी काय इथे दिवसभर पाट टाकून बसलेली असते?" मग तव्यावरची पोळी उलटवून हळूच विचारलंस, "याला मार्क किती?" पन्नास म्हटल्यावर तुझा सूरच बदलला. "बरं, बघू." मी बाजारातून तुझ्या मापाचे पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. "साडीवर बूट? सांगलीला माहेरी कळलं तर हसतील," असं म्हणत तू ते घातलेस आणि गॅसपासून खिडकीपर्यंत तीन फेऱ्या मारल्यास, सगळा वेळ स्वतःच्या पायांकडे बघत. इतकी गोड दिसत होतीस ना! कॉलेजातून मिळालेलं पावलं मोजायचं यंत्र, काड्यापेटीएवढं, मी तुझ्या कमरेला अडकवलं आणि रोज सकाळी पार्कात जायचं म्हणून बजावलं. मी स्वतः सहालाच मैदानावर पळायचे, त्यामुळे तुला जाताना बघायला घरी कोणीच नसायचं. बाबांना तर बँकेत जायची वेळ झाली की स्वतःचा चष्माही दिसत नसे.

संध्याकाळी तू यंत्र माझ्या हातात ठेवायचीस. नऊ हजार. साडेनऊ हजार. रविवारी पाच, "आज जरा आळस केला गं." वर्गात मॅडमनी माझी वही सगळ्यांना वाचून दाखवली. माझा पहिला नंबर आला आणि तू शिरा करून खालपासून वरपर्यंत सगळ्या घरांत वाटलास, "बिटिया फर्स्ट आयी है, मेरेको चला चला के," असं तुझ्या त्या हिंदीत सांगत. जिना चढताना मात्र दुसऱ्या मजल्यावर थांबायचीस. "थांब जरा, निऱ्या सुटल्यात." रोज त्याच पायरीवर कशा गं सुटायच्या निऱ्या?

तीन वर्षांनी भाजी घेताना चक्कर येऊन बसलीस, तेव्हा डॉक्टरांनी तुझ्या हृदयाची झडप बिघडल्याचं सांगितलं. "साँस कब से फूलती है?" तू म्हणालीस, "अभी अभी, दो महीने से." आणि मी, शहाणी, मध्ये तोंड घातलं, "डॉक्टर साहब, ये तो रोज़ नौ हज़ार कदम चलती थीं." तू माझ्याकडे असं कौतुकानं बघितलंस! ऑपरेशन झालं, त्यानंतर नऊ वर्षं तू आम्हाला मिळालीस, रागावत, हसत, लोणची घालत. पण डॉक्टर बाबांना बाजूला घेऊन म्हणाले होते की आधी आणलं असतं तर इतकं जड गेलं नसतं. ते वाक्य बाबांनी तुला कधी सांगितलं नाही.

तुझ्या तेराव्याला आपल्याकडे भांडी घासायला यायची ती बाई आली. रडता रडता हसून म्हणाली, "दीदी, ऊ मशीन तो हम पहिनत रहे. पाँच घर का काम, ऊपर-नीचे. आंटी कहिन, तोहका तो चलना ही है, हमरी बिटिया का इम्तिहान है." सगळे हसले. मावशी म्हणाली, अगं बाई, यंत्र भांडीवालीच्या कमरेला आणि हिला पत्ताच नाही! मीही हसले.

तर कालची मुलगी. चिनहटची आहे. तिच्या आईची पावलं रोज आठ हजारांवर, दाट धुक्याच्या आठवड्यातसुद्धा. तिला जवळ बसवलं. "मम्मी चलती हैं?" "जी मैम, बहुत." "सीढ़ियों पर रुकती हैं?" पोरीनं वही स्वतःकडे ओढली. मग म्हणाली, "रुकती हैं. कहती हैं चप्पल ठीक कर रही हूँ." मी तिला सांगितलं, वही कोरी आणलीस तरी मार्क देईन, पण याच आठवड्यात आईला डॉक्टरकडे घेऊन जा आणि तिथे खरं ते सांग. ती आधी घाबरली, मग रडली, मग तिनं विचारलं, "मैम, आपको कैसे पता चला?"

तिला म्हटलं, शिकवून शिकवून कळतं. ते खोटं होतं, आणि तुझ्याशी तरी आता खोटं नको. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. तिच्या वहीत घडी करून ठेवते आणि वही परत करायच्या आधी काढून घेईन. पण तेराव्याला मी हसले, ते खोटं हसले. मला प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं, आई. दाराशी तुझे बूट होते, ते सहज उचलून उलटे करून बघितले. तळ दुकानातून आणले तसेच पांढरे होते. तू खालच्या जिन्यात निऱ्या सावरत थांबली होतीस, तुझा श्वास मला वरपर्यंत ऐकू येत होता. मी बूट होते तसे सुलटे ठेवले, आत गेले आणि वहीत नऊ हजार लिहिले.