एकेचाळीस मशिन्स, एक पहारेकरी

४ मार्च, सोमवार

पहारेकरी बसवायचा, हे अखेर ठरलं. कसा बसवायचा, ते माझ्या गळ्यात! अ‍ॅम्ब्युलन्स बोलावण्याची आमची यंत्रणा तीन क्लस्टरवर, म्हणजे मशिन्सच्या तीन गटांवर, चालते — एकेचाळीस मशिन्स, त्यांवर शेकडो कंटेनर, म्हणजे आपापल्या डब्यात चालणारे छोटे प्रोग्रॅम. गेल्या आठवड्यात एक कंटेनर अकरा मिनिटं निपचित पडून होता आणि आम्हाला कळलं ते लोकांचे फोन आल्यावर. नशीब, कुणाच्या जिवावर बेतलं नाही. म्हणून आता प्रत्येक मशीनवर एक एजंट, पहारा देणारा छोटा प्रोग्रॅम. तो लक्ष ठेवेल, बिनसलं की बोंब मारेल. आमच्या टीमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "पद्धत तू निवड. शुक्रवारी कारण सांग, दोन ओळींत."

५ मार्च

तीन वाटा. एजंट बसवायच्या सगळ्या फाइली हाताने लिहायच्या. नाहीतर हेल्म नावाच्या साधनाचा तयार फाइलींचा संच घेऊन त्यात आपल्यापुरते बदल करायचे. नाहीतर ऑपरेटर — म्हणजे क्लस्टरच्या आतच एक कारभारी नेमायचा. एजंट तोच लावेल, तोच बदलेल, पडला तर तोच उभा करेल. माझं मन कारभाऱ्यावर बसलंय. आयतं कुणाला नको असतं?

हेडमास्तरांना विचारलं. हे आमचे सगळ्यांत जुने इंजिनिअर, पहिला क्लस्टर त्यांनीच उभा केलेला. हजेरी घेतल्यासारखे बोलतात, म्हणून हे नाव. म्हणाले, "हाताने लिही. ओळ न् ओळ आपली असावी."

"सर, एकेचाळीस मशिन्स आहेत."

"मग काय झालं? हात दुखतील."

६ मार्च

आईचा फोन. काय चाललंय विचारलं, सांगितलं. "म्हणजे नुसता वॉचमन ठेवायचा की वॉचमनवर मुकादमही, असंच ना?" दोन दिवस मी तक्ते आखतेय, हिने भाजी निवडता निवडता निकाल लावला.

७ मार्च

कारभारी बारगळला. सुरक्षा बघणारी म्हणाली, "याला अख्ख्या क्लस्टरच्या किल्ल्या हव्यात. मी देणार नाही." भांडले. तिने शांतपणे परवानग्यांची यादी वाचायला घेतली. तिसऱ्या ओळीला मी माझ्या तक्त्यातून कारभारी खोडला. खरंच होतं तिचं.

दुपारी चाचणीच्या मशीनवर हेल्म करून पाहिलं. एजंट एका कमांडीत लागला, एका कमांडीत निघाला, मागे कचरा नाही. तिसरा क्लस्टर भाड्याचा, तिथे मशीनला हात लावू देत नाहीत. त्याच्यासाठी एक वेगळी फाइल केली की झालं. मुकादमाशिवाय वॉचमन!

८ मार्च

मॅडमना दोन ओळी दिल्या. दीड पुरल्या असत्या. हेडमास्तर म्हणाले, "लावा. पण पहिला क्लस्टर तूर्त राहू दे. त्याचं मी बघतो." मॅडम म्हणाल्या, तिन्हीवर. ते वही उचलून निघून गेले. माझी पद्धत जिंकली म्हणून रुसले असतील. जेवणाच्या सुट्टीत जरा मिरवलेच मी.

११ मार्च, सोमवार

लागला! तिन्ही क्लस्टर, पंचवीस मिनिटं. स्क्रीनवर एकेचाळीस हिरवे ठिपके. सगळे बघायला जमले. हेडमास्तर लांबूनच बघून जागेवर गेले.

१२ मार्च

पहिल्या क्लस्टरमधला मेमरीचा वापर काल दिवसभर चढत गेला आणि आज सकाळी सहा दहाला एकदम खाली आला. कुणीतरी तिथले प्रोग्रॅम हाताने बंद करून चालू केलेले. नोंदी मागे चाळत गेले. रोज सहा दहा. रविवारी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. दोन वर्षं. नाव एकच — हेडमास्तरांचं.

त्यांच्याकडे गेले. "कुठला तरी प्रोग्रॅम मेमरी घेतो आणि सोडतच नाही. ही गळती कुठे आहे ते मला सापडलंच नाही," म्हणाले. "माझंच काम ना ते. सांगायची लाज वाटली."

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. गळती दोघं मिळून शोधतोय. सापडेपर्यंत सकाळचं सहा दहा माझं.