न रंगवलेली आई

मोरिवली, अंबरनाथ
१३ नोव्हेंबर २००५

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. यशोधरावहिनीला आणि पिल्लूला माझा जय भीम सांग. नाशिकला थंडी पडायला लागली असेल. इथे अजून पंखा लागतो. आईचा गुडघा कुरकुरतो, बाकी ती मजेत आहे. पावसात ओल धरलेली मागची भिंत शेजारच्या भगवंतकाकांनी नीट करून दिली. माझी तब्येत ठीक आहे. म्हणजे, आहे ठीक.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. परवा आईच्या फोटोचा विषय काढला तर तू ओरडलास, "साऱ्या अंबरनाथला आईचं कोड दाखवत फिरणार आहेस का?" आणि फोन ठेवून दिलास. पीसीओवाला म्हणाला, "ताई, लाइन कट झाली, परत लावू?" मी नको म्हटलं.

आता पहिल्यापासून सांगते. सिंध्यांच्या कॅम्प दोनमधल्या मुकेशशेठच्या कलर लॅबमध्ये मी कॉम्प्युटरवर काम करते एवढंच तुला माहीत आहे. काय काम, ते तू कधी विचारलं नाहीस. लोक स्थळाला पाठवायचे फोटो आणतात आणि मी त्यांना गोरं करते. व्रण पुसते, तीळ पुसते, नाकाखालची सावली पुसते. मुलीची आई खांद्यामागे उभी राहून म्हणते, "थोडा और साफ करो ना." संध्याकाळपर्यंत सगळ्या मुली एकमेकींच्या बहिणी दिसायला लागतात.

जुलैच्या पुरात वालधुनी नदीचं पाणी दुकानात छातीपर्यंत चढलं. रंगीत फोटोंचे गठ्ठे चिकटून वड्या झाल्या. सोलायला गेलं की कुणाच्या तरी लग्नाचा रंग नखाखाली यायचा. शेठच्या वडिलांच्या वेळची ब्लॅक अँड व्हाइट फोटोंची एक पेटी होती, तीही बुडाली होती. पण त्यातले फोटो आम्ही स्वच्छ पाण्यात धुतले, दोरीवर वाळत घातले, आणि कोपरे वाकडे झाले एवढंच. माणसं जशीच्या तशी. त्यात शेठच्या आजीचा कराचीत काढलेला फोटो होता. शेठ बराच वेळ तो हातात धरून बसले. "देख माया," म्हणाले, "दादी को कुछ नहीं हुआ."

दुकानामागे त्यांच्या वडिलांची डार्करूम आहे. तिथे गोण्या भरून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, मला ती चालू करू द्या. शेठ हसले. "कौन लेगा आजकल? कस्टमर कलर का पैसा देता है." पण किल्ली दिली, आणि पहिले काही दिवस शेजारी उभं राहून शिकवलंही. लाल बल्बखाली कोरा कागद केमिकलच्या ट्रेमध्ये सोडायचा. आधी काहीच नसतं. मग केस येतात, भुवया येतात, आणि मग एकदम कुणीतरी आपल्याकडे बघायला लागतं. हे मी कितीदा केलं असेल, दादा, तरी दर वेळी मी ट्रेवर वाकून बघतच राहते. कॉम्प्युटरवर दिवसभर मी माणसं पुसते. तिथे ती उगवतात.

आईचा फोटो दसऱ्यानंतर काढला. ती केस धुऊन उंबऱ्यावर बसली होती, दोन्ही हात वर करून अंबाडा बांधत होती. पदर खाली आलेला, बाह्या वर सरकलेल्या, कोपरापासून बोटांपर्यंतचे डाग उन्हात उघडे. मी कॅमेरा उचलला तर तिने हात खाली घेतले नाहीत. दादा, आईने हात झाकले नाहीत, असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मला म्हणाली, "काढ. पन रंगीत नको. रंगीतमधी ते मला रंगवत्यात. तू नको रंगवू."

बँकेसाठी तिने कॅम्प चारमध्ये पासपोर्ट साइज फोटो काढले होते, आठवतं? त्या पोराने न विचारता तिचे ओठ आणि हनुवटी रंगवून एकसारखी केली होती. ती फोटो बघून म्हणाली होती, "ही कोन बाई?" आपण दोघंही हसलो होतो. ती हसली नव्हती.

तू म्हणालास, जुन्या जमान्यासारखं काळंपांढरं करून मी आपली गरिबी दाखवतेय. बाबांनी कंपनीत हाडं झिजवली ती यातून बाहेर पडायला, असंही म्हणालास. हा मुद्दा मी उडवून लावत नाही. बाहेरून कॅमेरे घेऊन येणाऱ्यांना आपल्या वस्तीत नळावरची भांडणं आणि उघडी पोरंच दिसतात, त्याचा मलाही संताप येतो. पण या फोटोत गरिबी कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखव. बाई आपल्या घराच्या दारात अंबाडा बांधतेय. आपल्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो आठव. कॅलेंडरवाले गाल गुलाबी करतात, कोट निळाजर्द करतात. बाबांनी तसला कधी लावला नाही. नागपूरहून काळापांढराच आणला. "यात नजर दिसते," म्हणायचे. तो फोटो तुला जुना वाटतो का?

मी त्याच दिवशी एक रंगीत रोलही काढला होता, ताडून बघायला. त्यात आधी मागचा निळा ड्रम दिसतो, मग पोपटी भिंत, मग साडी, मग डाग. आई शेवटी. काळ्यापांढऱ्यात हातावरचं ऊन आणि भिंतीवरचं ऊन एकच होतं, आणि नजर जाऊन तिच्या चेहऱ्यावर थांबते. ती तिथे फार सुंदर दिसते, दादा. मी तिला सुंदर केलेलं नाही. मी फक्त मध्ये आले नाही.

आता जे बोलायचं नव्हतं ते बोलते. तुझ्या लग्नाचा अल्बम काढून बघ. आई कुठे आहे? एकाही पानावर नाही. फोटोच्या वेळी ती "मला जेवणाकडं बघायचंय" म्हणून आत गेली. तिला आत कोणी पाठवलं ते तिने मला सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही. तुलाही विचारत नाही.

आणि माझ्यासाठी बघितलेल्या धर्मराजच्या घरी तू सांगितलंस की आईचे हात कंपनीत केमिकलने भाजले. स्थळ चांगलं आहे, मुलगा शांत आहे, कल्याणला नोकरी आहे, सगळं खरं. पण मी खोट्यावर लग्न करणार नाही. कारण ते खोटं मला जन्मभर झाकता येणार नाही. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर ऑगस्टपासून पांढरं आलंय. डॉक्टर म्हणाले, डार्करूमच्या केमिकलनेही होतं, घरातून आलेलंही असतं, नक्की सांगता येत नाही. मी आता हातमोजे घालून काम करते. काम सोडलेलं नाही. सोडणारही नाही.

शंकरराव सर आठवतात ना, आपले ड्रॉइंगचे? त्यांच्या मंडळाने शिवमंदिराकडच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन ठेवलंय. शनिवारी उघडेल. आईचा फोटो लागणार आहे. तू येणार नाहीस हे माहीत आहे, तरी बोलावते.

तुझी,
माया


मोरिवली, अंबरनाथ
२७ नोव्हेंबर २००५

दादा,

जय भीम.

पत्र मिळालं असेल, कारण प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, तू शंकरराव सरांना फोन केलास. घरच्यांची परवानगी नाही, फोटो लावलात तर वकिलाकडे जाईन, असं म्हणालास म्हणे. माझ्याशी भांडला असतास तर चाललं असतं. ते बिचारे घाबरून गेले. शनिवारी मी हॉलवर पोहोचले तर आईच्या जागी नुसता खिळा. सर म्हणाले, "माया, घरातला मामला आहे. मला त्यात ओढू नकोस." मी भांडले, आवाज चढला, शेवटी बाहेर पायरीवर जाऊन बसले.

तेवढ्यात रिक्षातून आई उतरली. मी तिला संध्याकाळी आणायला जाणार होते, ती आधीच आली. पांढरी साडी, आणि आखूड बाह्यांचं पोलकं. आपण लहान असल्यापासून मनगटापर्यंतच्या बाह्या घालणारी आई! माझ्या नकळत शिवून घेतलं होतं.

आत गेली, सगळ्या भिंती फिरून बघितल्या. देवळाचे फोटो, बदलापूरच्या नदीचे फोटो, पक्षी. मग सरांना विचारलं, "माजा फोटू कुटंय?"

"गयाबाई, तुमच्या राजरत्नचा फोन आला होता. त्याची हरकत आहे."

"फोटू माजा हाय का त्याचा?"

सर दाराकडे बघायला लागले. आई म्हणाली, "बरं. मग मीच बसते." दाराजवळची खुर्ची तिने स्वतः ओढत नेली, त्या खिळ्याखाली ठेवली आणि बसली. दोन्ही हात मांडीवर उघडे. सरांनी विनवलं, मी विनवलं. ती कुणाकडे वर बघेना. लोक यायला लागले. फोटो बघत बघत तिच्यापर्यंत यायचे, थांबायचे, घुटमळायचे. कुणी वर खिळ्याकडे बघायचं, कुणी तिच्याकडे. एक बाई म्हणाली, "मावशी, इथे काय आहे?" आई म्हणाली, "माजा फोटू हाय. काडून ठेवलाय. लावतील आता."

चहा आला, तो तिने तिथेच बसून प्यायला. शेवटी सरांनाच ते सहन झालं नाही. कपाटातून फोटो घेऊन आले, स्टुलावर चढले आणि स्वतःच्या हाताने लावला. आई खुर्चीवरूनच मान वळवून बघत होती. "डावीकडं वाईच खाली घ्या," म्हणाली. तो सरळ झाल्यावरच तिने खुर्ची सोडली.

त्यानंतर जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. लोक त्या फोटोपुढे थांबायचे आणि पुढे जायचेच नाहीत. मुकेशशेठ दुकान बंद करून आले होते. ज्यांनी "कौन लेगा" म्हटलं, ते चष्मा काढून पुसत होते. पेपरचा एक माणूस मला म्हणाला, काळं आणि पांढरं, काय प्रतीक शोधलंत! मी म्हटलं, प्रतीक नाही, माझी आई आहे, ती बघा तिथे उभी आहे, तिच्याशी बोला. तो तिच्याकडे गेलाच नाही.

धर्मराज आणि त्याची आई सहाच्या सुमाराला आले. त्यांना मीच बोलावलं होतं. त्याच्या आईने फोटो बघितला, मग आपल्या आईचे हात बघितले. म्हणाली, "हे भाजलेलं ना हो? तुमचा मुलगा म्हणाला होता."

"न्हाई बाई," आई म्हणाली. "कोड हाय. ही माया पोटात होती तवापास्नं. आन तिच्या बोटावर पन आलंय. दाखव गं."

मी हात पुढे केला. त्या बाईंनी तो हातात घेतला, हे मला त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. वाईट नाहीत त्या. पण चहा न घेता गेल्या. बुधवारी निरोप आला की मुलाचा इतक्यात विचार नाही. परवा शुक्रवारी धर्मराज दुकानात आला, खाली बघत म्हणाला, "मला चालेल गं. पण घरचे नाही म्हणतात. मी काय करू?" मी म्हटलं, घरी जा. तो गेला. मग मी मागे डार्करूममध्ये जाऊन रडले. हे तुला कळावं म्हणून लिहिते, नाहीतर तुला वाटेल बहिणीचं काळीज दगडाचं झालंय. मला तो आवडला होता.

रडून झाल्यावर हातमोजे चढवले आणि प्रिंट काढल्या. प्रदर्शनात आई उभी होती ते बघून गेलेल्या दोन बायका आल्या होत्या, आपलेही असे फोटो काढ म्हणून. एक कॅम्प दोनमधलीच सिंधी आहे, तिच्या ओठांवर पांढरं आहे, नवरा फोटोत तिला तोंड फिरवायला लावतो. दुसरीच्या गालावर जळल्याची खूण आहे. दोघींनी एकच अट घातली. पुसायचं नाही. शेठने आठवडाभर कुरकुर केली, आता म्हणतात सोमवारी दुकान बंद असतं, डार्करूम तुझी. आणि मी त्यांना सांगून टाकलंय, स्थळाचे फोटो गोरे करायला दुसरं कुणीतरी बघा. पगार थोडा कमी होईल. होऊ दे.

आई तुझ्यावर रागावलेली नाही. तुझा विषय निघाला की "तो घाबरतो, लहानपनापास्नं घाबरतो" एवढंच म्हणते आणि भाजी निवडायला लागते. मी रागावलेली आहे. ते जाईल की नाही, मला माहीत नाही.

सहा डिसेंबरला तू दरवर्षीप्रमाणे दादरला येशीलच. या वर्षी आईही येतेय. आजवर गर्दीचं कारण सांगून ती घरी राहायची. ती गर्दीला भीत नव्हती हे आता तुलाही कळलं असेल. आम्ही सकाळीच रांगेत असू. तिने तेच आखूड बाह्यांचं पोलकं धुऊन ठेवलंय. मी कॅमेरा आणणार आहे, आणि त्यात ब्लॅक अँड व्हाइटच रोल असेल. आई मध्ये उभी राहील. वहिनीला आण, पिल्लूला आण.

तू कुठे उभा राहायचं ते तू ठरव. मी कुणाला कापणार नाही आणि कुणाला रंगवणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
आईवर गेलेली,
माया