खोली क्रमांक ५१२

८ जुलै, मंगळवार

बोलले! लक्षवेधी सूचना दुपारी सव्वादोनला पुकारली गेली आणि मला पूर्ण सहा मिनिटे मिळाली. पहिल्यांदाच निवडून आलेल्या आमदाराला सहा मिनिटे म्हणजे चैन.

मांडणी तशीच केली, जशी सव्वीस वर्षे परळच्या शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला करत आले. आधी परिस्थिती: घोडपदेवची चाळ पुनर्बांधणीसाठी रिकामी झाली, माणसे संक्रमण शिबिराच्या सातमजली इमारतीत हलवली, त्याला नऊ वर्षे झाली. मग अडचण: त्या इमारतीची लिफ्ट अकरा महिने बंद. मग परिणाम — इथे मंत्रिमहोदय उठले. "सन्माननीय सदस्या मोघम बोलत आहेत. एक तरी नेमके प्रकरण सांगावे!"

मोघम! मला!

सांगितले. पाचव्या मजल्यावरच्या एकाहत्तर वर्षांच्या विधवा बाई, दोन्ही गुडघे गेलेले, जिने चढवत नाहीत म्हणून सात महिने खोलीला कुलूप लावून माटुंग्याला लेकीकडे राहतात. खोलीचा क्रमांकही सांगितला. त्याच क्षणी दोन्ही बाजूंनी गोंगाट उसळला, पण मंत्र्यांना उत्तर द्यावेच लागले. आठवड्याच्या आत लिफ्ट सुरू होणार!

त्या बाईंना, शेवंतीबाईंना, शब्द दिला होता, नाव घेणार नाही. "शिबिरातल्या खोलीत स्वतः राहायला लागतं, बाई. बंद असते हे वर कळलं तर नव्या इमारतीतनं नाव कापतील माझं." नाव घेतलेले नाही.

९ जुलै, बुधवार

भाषणाची असुधारित प्रत आली. सभागृहात प्रतिवेदक जे टिपून घेतात, ते सदस्याकडे तपासायला येते. आपण दुरुस्त करून सही केली की ते कायमच्या नोंदीत जाते. नववीला दरवर्षी शिकवलेली गोष्ट, आणि आज मीच लाल पेन घेऊन बसले! दोन क्रियापदे नीट केली, एक तारीख सुधारली. एके ठिकाणी गोंगाटामुळे जागा मोकळी सोडली होती — "खोली क्रमांक .........".

हितेंद्र म्हणाला, "मॅडम, राहू दे ना तसंच. कोण वाचतंय?" माझा स्वीय सहायक. कामसू आहे, पण अर्धवट वाक्याचा त्याला त्रास होत नाही. मला होतो.

भरले. ५१२. अक्षर सुरेख आले.

१२ जुलै, शनिवार

लिफ्ट सुरू! शाल, श्रीफळ, पेढे. तळमजल्यावरच्या सीतारामअण्णांनी मला दोनदा सातव्यापर्यंत वर-खाली नेले. "आमच्या चौदा अर्जांनी झालं नाही ते बाईंनी सहा मिनिटांत केलं! पोरांनो, शिकून ठेवा!" पोरे सगळी पन्नाशीची. फार हसलो.

उतरताना पाचव्यावर दार उघडले. समोर ५१२. कुलपाच्या वर दाराला कागद चिकटवलेला होता, खाली शिक्का. नीट वाचता येण्याआधी लिफ्टचे दार मिटले.

विचारायला हवे होते. हातात नारळ होता, फोटो चालले होते. विचारले नाही.

१४ जुलै, सोमवार

तो कागद आज माझ्या टेबलावर आला. अक्षदा घेऊन आली — शेवंतीबाईंची नात, माझी जुनी विद्यार्थिनी, आता कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला. मला अजून 'बाई'च म्हणते.

"तपासणीच्या वेळी खोली बंद आढळली. कायमस्वरूपी घरासाठीची आपली पात्रता रद्द का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सुनावणीच्या दिवशी करावा." सुनावणी २२ जुलैला.

"वरचा संदर्भ वाचा, बाई," ती म्हणाली.

संदर्भ: विधानसभेतील चर्चा, दिनांक ८ जुलै.

"अगं, गोंगाटात बोलून गेले मी," असे म्हणाले. तोंडातून कसे सहज निघाले! ती म्हणाली, "गोंगाटात. बरं." मग माझ्याकडची भाषणाची प्रत मागितली. सुधारलेली दिली. त्यात सगळे छापील, लाल पेन कुठेच दिसत नाही.

१५ जुलै, मंगळवार

शेवंतीबाई सामान घेऊन खोलीत परतल्या. आता लिफ्ट आहे — माझ्याच कृपेने! भेटायला गेले. पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या, भिंतीवर त्यांच्या यजमानांचा, दत्तारामांचा, गिरणीच्या गणवेशातला फोटो. तेहतीस वर्षे साच्यावर, कापडाच्या मागावर, काढली त्यांनी, आणि बाईंनी ह्या एका पात्रतेसाठी नऊ.

"बोलता बोलता सुटलं व्हय तुमच्या तोंडून?" त्यांनी विचारले. रागाने नाही.

"हो," मी म्हणाले.

"असं होय."

मग मी सुनावणी म्हणजे काय, खुलासा कसा लिहायचा, कोणती कागदपत्रे जोडायची, हे पाऊण तास समजावले. बोलताना मला बरे वाटत होते, हीच लाज वाटण्याची गोष्ट.

जूनमध्ये माटुंग्याला गेले होते तेव्हा बसायच्या आत चहा हातात आला होता. आज नाही. खोली इतके महिने बंद, गॅस जोडलेला नसणार.

१७ जुलै, गुरुवार

वर्गात सांगायचे — गोंधळ झाला की मुद्दे पाडा. पाडते.

सभागृहात मी आकडा बोलले, तो कोणाला ऐकूच गेला नाही. म्हणजे ८ तारखेला शेवंतीबाई सुरक्षित होत्या. ९ तारखेला माझ्या कार्यालयात शांतता होती, पंखा चालू होता, पुढ्यात चहा होता आणि हितेंद्र 'राहू दे' म्हणत होता. त्यांना मी ९ तारखेला उघडे पाडले. गोंगाटात नव्हे!

आणि का? मंत्र्यांनी मोघम म्हटले म्हणून. रिकामी जागा डोळ्यांना खुपली म्हणून. त्या क्षणी शेवंतीबाई आठवल्याच नाहीत. आठवले ते उदाहरण.

असुधारित प्रत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. पण पाहते कोण?

उद्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस. सदस्याला उभे राहून वैयक्तिक खुलासा करता येतो. आधी सूचना द्यावी लागते. दोनदा लिहिली. मजकूर अजून नीट जमत नाही.

१८ जुलै, शुक्रवार

अधिवेशन संपले. उठले नाही.

२० जुलै, रविवार

पुन्हा ५१२. गुडघ्यांची डॉक्टरची चिठ्ठी, लिफ्टच्या तक्रारींच्या पोचपावत्या, सगळे क्रमाने लावले. अक्षदाने पाने टोचली. एक शब्द माझ्याशी बोलली नाही. मीच तिच्या फायलीची स्तुती करत राहिले.

निघताना शेवंतीबाई पुन्हा, "बाई, एक विचारते हां. त्या दिवशी एवढा आरडाओरडा होता, तरी लिहून घेणाऱ्याला माझा नंबर बरोब्बर कसा ऐकू आला?"

"सवय असते त्यांना," मी म्हणाले.

ज्या प्रतिवेदकाने प्रामाणिकपणे जागा मोकळी सोडली, त्याच्यावरही ढकलले!

आजही चहा नाही. दूध उतू गेले असेल. किंवा अक्षदाला घाई असेल.

२२ जुलै, मंगळवार

सुनावणी. अधिकारी तरुण, सभ्य, समोर फाईल. मी बोलण्यासाठी टिपणे काढली होती, साडेतीन पाने. त्यांनी शेवंतीबाईंनाच विचारले, "आजी, खोली बंद होती हे खरं का?"

"खरं. कुलूप मीच लावलं."

"नियम माहीत होता?"

"होता. पण साहेब, तुमचा नियम पाचव्या मजल्यावर येतो तो लिफ्टनं येतो का जिन्यानं?"

कोपऱ्यातला कारकून फिसकन हसला. अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि तेही ओठ दाबत पोचपावत्या चाळू लागले. माझ्या सहा मिनिटांत जे नव्हते ते त्यांच्या एका वाक्यात होते.

मग माझ्याकडे वळले. "मॅडम, खोली क्रमांक आपणच दिला होता ना?"

"सभागृहात मी बोलले होते. त्या वेळी फार गोंगाट होता."

एकेक शब्द खरा, आणि उत्तर खोटे. अक्षदाने मान वर करून पाहिले. शेवंतीबाईंनी नाही पाहिले, त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या.

पात्रता कायम! लिफ्ट बंद असल्यामुळे बाहेर राहावे लागले, हे ग्राह्य धरले. लेखी आदेश दोन दिवसांत.

बाहेर पायरीवर शेवंतीबाईंनी माझा हात धरला, मला वाटले उतरायला आधार हवा असेल. "काम झालं, बाई. आता मनात काय ठेवू नका. काय सांगायचं राहिलंय का?"

हितेंद्र गाडी घेऊन आला होता. "आदेशाची प्रत जपून ठेवा," मी म्हणाले.

२३ जुलै, बुधवार

वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी: आमदार मृणालिनीताईंच्या पाठपुराव्याला यश. हितेंद्रने कात्रण फाईलला लावले. काढायला सांगितले. "का पण, मॅडम? चांगलं तर आलंय!" त्याने ते स्वतःच्या खिशात ठेवले.

२६ जुलै, शनिवार

५१२ मध्ये गेले. उभ्यानेच सुरुवात केली — असुधारित प्रत म्हणजे काय, प्रतिवेदक म्हणजे कोण, सदस्याला कोणत्या दुरुस्त्या करता येतात.

शेवंतीबाईंनी हात वर केला. "बाई, फळ्यावर लिहू नका. सांगा."

"जागा मोकळी होती. मी भरली. शांतपणे बसून."

"ठाऊक आहे. पोरीनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचून दाखवले, नोटीस घेऊन तुमच्याकडं आली होती त्याच सांजेला. मूळचा कागद बघावा, असं बाईंनीच शिकवलंय म्हणाली."

"मग तीन वेळा मला विचारलंत ते..."

"तुम्ही सांगाल म्हणून."

त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, ओट्याशी गेल्या, शेगडी पेटवली. एका काडीत पेटली. खाली सिलिंडर, नळीवर महिन्यांची धूळ — पहिल्यापासून जोडलेला.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."