बारा अंड्यांचा नेम

दि. ४ मार्च

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

पत्रास कारण गंभीर आहे. तेव्हा सवयीप्रमाणे हसत वाचू नकोस. गेले तीन महिने माझे केस मूठमूठ गळत आहेत. डोळ्यांच्या कडा आणि तोंडाभोवतीची कातडी लाल होऊन तिचे पापुद्रे सुटतात. हातापायांना सतत मुंग्या येतात आणि मन कशातच लागत नाही. काल तपासणीच्या वेळी पाच मिलिग्रॅमचे वजन चिमट्यातून दोनदा निसटले आणि दुकानदाराने मला पाणी विचारले. वजनमाप निरीक्षकाची दुकानदाराने कीव करावी, यापरते काय राहिले?

मज्जासंस्थेचा असाध्य विकार असावा, असा माझा निष्कर्ष आहे. राजीनामा दिला असून तो एकतीस तारखेस अमलात येईल. आधी बेबीला विचारा, असे तुझी वहिनी म्हणते, म्हणून विचारतो.

आहाराविषयी शंका नको. व्यायामशाळेच्या मास्तरांनी सांगितल्यापासून, म्हणजे गेले वर्षभर, रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बारा अंड्यांचे कच्चे पांढरे पितो. पिवळे मांजरीस देतो. एकही दिवस चुकलेला नाही.

तुझा,
दादा

दि. ९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हसू नकोस म्हणालास, म्हणून दोन परिच्छेद निमूट वाचले. तिसऱ्यात अंडी आली. पंचवीस वर्षे मी रुग्णालयात लोकांना काय खावे ते सांगते आहे आणि सख्खा भाऊ मास्तरांचे ऐकतो.

बायोटिन नावाचे एक जीवनसत्त्व असते. शरीरात साखर घडवणारी, चरबी बांधणारी, प्रथिनांचे तुकडे मोडणारी काही विकरे, म्हणजे एन्झाइम्स, त्याच्यावाचून हात हलवत नाहीत. कच्च्या पांढऱ्यातले एक प्रथिन त्याला असे कवटाळते की आतड्याला ते सोडवता येत नाही. अंडे शिजवले की ती मिठी सैल पडते. बायोटिन असते मुख्यतः पिवळ्यात, आणि ते तू मांजरीला देतोस. तिचे केस उत्तम असतील.

ही कमतरता सहसा कोणाला होत नाही. त्यासाठी महिनोन्‌महिने असा नेम पाळावा लागतो. एखादा आळशी माणूस पंधरा दिवसांत कंटाळून वाचला असता. आपल्या घरात तसा भाग्यवान निपजला नाही.

वहिनी लिहिते की डॉक्टरांच्या कागदावर आहारापुढे तू ‘संतुलित’ असे लिहिलेस. उद्याच जाऊन खरे सांग. औषध ते ठरवतील. आणि राजीनामा मागे घे. स्वतःचा पांढराशुभ्र मूर्खपणा असाध्य विकार म्हणून सरकारदरबारी खपवू नकोस.

ओरडले तरी तुझीच,
बेबी

दि. २९ मार्च

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

डॉक्टरांनी रक्त तपासले आणि तुझ्याच बाजूने कौल दिला. गोळ्या चालू आहेत. मुंग्या बऱ्याच ओसरल्या. केसांना वेळ लागेल म्हणतात.

राजीनामा मागे घेण्यास लेखी कारण द्यावे लागते. ‘प्रकृतीत सुधारणा’ असे लिहून पाहिले; मोघम वाटले. ‘आहारविषयक गैरसमज’ हेही पटेना. अखेर ‘कच्ची अंडी’ असे लिहून अर्ज साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि किती, असे विचारले. तुझे पत्र मिळाले त्या दिवसापर्यंत चार हजार तीनशे ऐंशी, असे मी सांगितले.

इतका चोख आकडा देणाऱ्याची मज्जासंस्था बिघडलेली असू शकत नाही, असा शेरा मारून त्यांनी अर्ज मंजूर केला. शेरा कौतुकाचा की उपहासाचा, हे मला ठरवता आलेले नाही. तुला कळले असेल, तर कळवू नये.

हसून उरेल तेवढी माया ठेवावी.
तुझा,
दादा